एका रुपयाच्या उजेडात एक कोटीचा माल

९ जून २०२५. केरळच्या विझिंजम बंदरात एक जहाज लागलं. नाव 'एमएससी इरिना'. लांबी ४०० मीटर! मुंबईची पंधरा डब्यांची लोकल त्याच्या कडेला आणून उभी केली, तरी लोकल संपेल आणि जहाज शिल्लक उरेल. पण लांबीचं सोडा. या जहाजाची क्षमता ऐका. वीस फुटी डब्यांच्या मापानं २४,३४६ कंटेनर. आकडा नुसता वाचला तर काही कळत नाही, म्हणून आपण तो जमिनीवर मांडू. एक डबा साधारण ६.१ मीटरचा. हे सगळे डबे उतरवून एकामागे एक ठेवायला घ्या. पहिला मुंबईत ठेवा आणि रस्त्यानं निघा. पनवेल गेलं, डबे आहेत. खोपोली गेली, डबे आहेत. लोणावळा, तळेगाव मागे पडलं, अजून डबे येतच आहेत! शेवटचा डबा ठेवाल तेव्हा १४८ किलोमीटर झालेले असतील आणि तुम्ही पुण्यात असाल. मुंबई ते पुणे, एका जहाजातला माल.

बरं, हे डबे आगगाडीनं न्यायचे म्हटले तर? आपल्याकडच्या मालगाडीला ४५ वाघिणी असतात, एका वाघिणीवर दोन डबे, म्हणजे एका गाडीत ९० डबे. हिशेब करा. २७० हून जास्त मालगाड्या लागतात. आणि एक गाडी जवळजवळ ६९० मीटर लांब धरली, तर २७० गाड्या इंजिनाला शेवटचा डबा चिकटवून उभ्या केल्यावर होतात १८६ किलोमीटर. मुंबई-पुणे लोहमार्ग आहे १९२ किलोमीटरचा. म्हणजे खंडाळ्याच्या घाटासकट जवळजवळ सगळा मार्ग मालगाड्यांनी भरून जाईल!

एवढा माल एका पोटात घेऊन हे जहाज रात्रीच्या काळोखात किनाऱ्याकडे येतं. वेग तासाला ३७ किलोमीटरपर्यंत. समोर काय, तर काळा समुद्र, काळं आभाळ आणि कुठंतरी पाण्याखाली दबा धरून बसलेले खडक. ब्रेक नावाची गोष्टच नाही. इंजिन उलटं फिरवलं तरी असं जहाज थांबता थांबता कित्येक किलोमीटर पुढं जातं. आणि विझिंजमजवळ, कोवळमच्या खडकावर, १९७२ सालापासून एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा उभा आहे. उंची ३६ मीटर, म्हणजे बारा मजली इमारतीएवढी. रात्र पडली की तो डोळा मिचकावतो.

या मनोऱ्यांचा, म्हणजे दीपगृहांचा, हिशेब आज आपण मांडून बघू. कोकणातले मच्छीमार त्यांना नुसतं 'बत्ती' म्हणतात. शब्द किती छोटा! आता आकडे बघा.

आधी राखायचं केवढं आहे ते पाहू. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, हे आपण शाळेत पाठ केलं. ते आता विसरा. नवा आकडा आहे ११,०९८ किलोमीटर. जमीन वाढली नाही, समुद्र सरकला नाही. पूर्वीची मोजणी ४५ लाखांस एक प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, नवी अडीच लाखांस एक प्रमाणाच्या. नकाशा बारीक झाला आणि आधी न दिसलेली प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण, प्रत्येक कोपरा मोजणीत आला. वाढ किती? साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त! मुंबई-पुण्याच्या बारा परतीच्या फेऱ्या नुसत्या खाचाखोचांत दडून बसल्या होत्या. आपल्या महाराष्ट्राचा किनाराही ६५३ वरून ८७८ किलोमीटरवर गेला. म्हणजे आणखी दीड मुंबई-पुणे आपल्याच खाड्यांत सापडलं.

या किनाऱ्यावर दीपगृहं किती? देशभरात सुमारे दोनशे. त्यांचा कारभार बघतं दीपगृह आणि दीपपोत महासंचालनालय. १९२७ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, आणि २०२१ साली त्याची जागा नव्या सागरी नौवहन साहाय्य कायद्यानं घेतली. खर्च कोण देतं? जहाजं. बंदरात येणारं जहाज उजेडाचं शुल्क भरतं, त्या पैशावर हा सगळा डोलारा चालतो. आता ११,०९८ ला २०० नं भागा. दर ५५ किलोमीटरला एक बत्ती. आपल्या कोकणातून उतरत जा : खांदेरी, कोर्लई, नानवेल, टोळकेश्वर, जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला आणि पलीकडं गोव्यात आग्वाद. एकीचा उजेड मागं पडतो न पडतो तोच पुढची दिसायला लागते.

पण ५५ किलोमीटरला एक म्हणजे फार विरळ नाही का? इथूनच खरी गंमत सुरू होते.

पृथ्वी गोल आहे, त्यामुळं दिवा कितीही प्रखर असला तरी ठरावीक अंतरानंतर तो क्षितिजाखाली बुडतो. म्हणून मनोरा. समुद्रसपाटीपासून ४० मीटर उंचीवरचा दिवा पाण्याच्या पातळीवर सुमारे २४ किलोमीटरपर्यंत पोचतो. आता होडीत उभा असलेला नाखवा घ्या. त्याचा डोळा पाण्यापासून दोन मीटरवर. त्याचे स्वतःचे साडेपाच किलोमीटर मिळाले, एकूण झाले ३०. आणि मोठ्या जहाजाच्या कप्तानाचा डोळा? तो स्वतःच ४० मीटर उंच बसलेला असतो. त्याचे २४ आणि दिव्याचे २४, झाले ४८ किलोमीटरांच्या वर! म्हणजे चर्चगेटच्या किनाऱ्यावरचा दिवा कल्याणच्याही जवळपास बसलेल्या माणसाला दिसावा, तसं. हवा स्वच्छ हवी, दिवा तेवढा प्रखर हवा. बाकी सगळं काम उंचीचं.

आता नाखव्याचे ते ३० किलोमीटर घ्या आणि दिव्याभोवती वर्तुळ काढा. क्षेत्रफळ होतं २,८२७ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून ६०३ चौरस किलोमीटर. एका बत्तीच्या पहाऱ्यात साडेचार मुंबया मावतात, आणि वर थोडी जागा उरते!

आणि पहारा कसा? फिरता. भिंग गोल फिरतं, त्याच्याबरोबर उजेडाचा झोत समुद्रावरून फिरतो. समजा भिंगाला एक फेरी पुरी करायला वीस सेकंद लागतात. तुम्ही मनोऱ्यात उभे राहून बघाल तर अगदी निवांत चाललेलं दिसेल. पण त्या झोताचं टोक बघा. ते ३० किलोमीटर दूर आहे. त्याला वीस सेकंदांत १८८ किलोमीटरचा घेर पुरा करायचा आहे. म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेनऊ किलोमीटर! ताशी जवळजवळ ३४,००० किलोमीटर! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती घिरट्या घालतं ते सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर वेगानं. आपल्या किनाऱ्यावरच्या बत्तीचा झोत त्यालाही मागं टाकतो. मुंबईहून पुण्याला डेक्कन क्वीनला तीन तासांवर वेळ लागतो. या झोताच्या टोकाला तेवढं अंतर वीस सेकंदांचं.

हा झोत तुमच्या होडीवरून जातो तो सेकंदाचा एखादा अंश. तेवढ्यात तुमच्या डोळ्यात किती उजेड पडायला हवा? बत्तीवाल्यांच्या जगात याचं माप ठरलेलं आहे. एका लक्सचा पन्नास लाखावा भाग. कल्पना करायची तर पौर्णिमेच्या चांदण्याचे दहा लाख वाटे करा आणि त्यातला एक घ्या. तेवढा उजेड पुरतो, माणसाचा अंधाराला सरावलेला डोळा तो पकडतो! एका साध्या मेणबत्तीचा प्रकाश, हवेनं काहीच गिळला नाही तर, सव्वादोन किलोमीटरवर एवढाच उरतो. म्हणजे मरीन ड्राइव्हच्या एका टोकाला मेणबत्ती लावली आणि सगळं शहर काळोखात बुडवलं, तर अर्ध्याहून जास्त मरीन ड्राइव्ह चालून गेलेल्या माणसालाही ती लुकलुकताना दिसेल.

मग बत्ती लांबून दिसावी म्हणून दिवा थोडा मोठा केला की झालं? छे! इथला हिशेब ऐकून मी स्वतः दोनदा कागदावर मांडून बघितला. ज्या रात्री हवेतून दहा सागरी मैलांपर्यंत दिसतं, अशी चांगली स्वच्छ रात्र धरा. दहा सागरी मैल म्हणजे साडेअठरा किलोमीटर. एवढ्या अंतरावरून बत्ती दिसायला सुमारे १,४०० कँडेलाचा झोत लागतो. एक कँडेला म्हणजे ढोबळमानानं एक मेणबत्ती. आता अंतर दुप्पट करा, वीस सागरी मैल. दिवा दुप्पट लागेल? चौपट? नाही. १,१०,००० कँडेला! ऐंशी पट! कारण उजेड पसरून विरळ होतो तो वेगळाच, आणि वाटेतली हवा त्याला घासाघासानं खात जाते ती वेगळीच. अजून दहा मैल पुढं चला, तीस सागरी मैल, साधारण ५५ किलोमीटर. आता लागतात ४९ लाख कँडेला. अंतर तिप्पट आणि दिवा साडेतीन हजार पट! महाबळेश्वरच्या धुक्याची रात्र धरली तर हे आकडे कुठल्या कुठं जातील. त्यात शिरायलाच नको.

एवढा प्रखर दिवा आणायचा कुठून? तर एवढा प्रखर दिवा नसतोच. आपल्याकडच्या कितीतरी दीपगृहांत ४०० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा जळत आला आहे. ४०० वॅट! घरातले पाच पंखे. बाकीची करामत काचेची. ओग्युस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं एक जाडजूड भिंग करण्याऐवजी काचेच्या कड्यांची चळत रचली. १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ते भिंग पहिल्यांदा पेटलं आणि जगभरातल्या समुद्रांचं नशीब पालटलं. चहूकडं उधळून जाणारा उजेड त्यानं गोळा केला आणि एका झोतात कोंबला. त्याच्या पहिल्या प्रतीच्या भिंगाची उंची अडीच मीटरांहून जास्त, रुंदी अशी की आत माणूस उभा राहून काचा पुसतो. काचेचे तुकडे हजाराच्या घरात. वजन कित्येक टन. आणि हे सगळं फिरवायचं! रात्रभर, न अडखळता, घड्याळाच्या काट्याप्रमाणं. म्हणून ते पाऱ्यावर तरंगत ठेवायचे. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड. दहा लिटरची बादली पाऱ्यानं भरली तर ती १३६ किलोची होते, दोघांनाही उचलताना धाप लागेल. पण त्या पाऱ्यावर टनांचं भिंग इतकं हलकं होतं की एका बोटानं ढकललं की फिरतं. यामागचं गणित बाजूला ठेवू. आपण नुसतं बोट लावून बघू.

आता मुंबईला येऊ. कुलाब्याच्या टोकाला समुद्रात खडकांची रांग घुसलेली आहे, तिच्यावर प्राँग्ज दीपगृह उभं आहे. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्यानं ते बांधलं, १८७५ साली. भरती आली की सगळे खडक पाण्याखाली. ओहोटी मिळेल तेवढा वेळ काम करायचं, पाणी चढलं की मागं फिरायचं. खर्च आला ६,२०,२५५ रुपये. आजच्या मुंबईत सहा लाखांत गाडी उभी करायची जागाही मिळत नाही, म्हणून आकडा छोटा वाटतो. पण तो रुपया चांदीचा होता हे लक्षात घ्या. एक रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. ६,२०,२५५ रुपयांचं वजन करा. ७,२०० किलोहून जास्त! सव्वासात टन नाणी! ती जमिनीवर एकाला एक चिकटवून ओळीत मांडली, तर चर्चगेटहून निघालेली ओळ विलेपार्ल्याच्या आसपास पोचते. सगळ्या स्टेशनांवरून, सगळ्या पुलांखालून, नुसती चांदी. एका बत्तीपायी!

आणि ही काही जगातली सगळ्यात खर्चिक बत्ती नव्हे. इसवी सनापूर्वी सुमारे २८० साली इजिप्तच्या अलेक्झांड्रियात फेरॉसचं दीपगृह उभं राहिलं, त्याचा खर्च प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो : ८०० टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. करा गुणाकार. वीस टनांहून जास्त! प्राँग्जच्या जवळजवळ तिप्पट. उंची १०० मीटरांच्या वर. कुतुबमिनार ७२ मीटरचा, विजापूरचा गोलघुमट ५१ मीटरचा. आणि हे सगळं दगडात, आजच्यासारख्या क्रेन नसताना, आगीचा उजेड द्यायला! भूकंपांनी त्याला हळूहळू पाडलं तेही सोळाशे वर्षांनी.

प्राँग्जची बत्ती मात्र आज दीडशे वर्षांची झाली आणि अजून उभी आहे. एखादी बत्ती दर दहा सेकंदांना एकदा चमकते असं धरू. बारा तासांच्या रात्रीत ४,३२० वेळा. वर्षाला पावणेसोळा लाख वेळा. दीडशे वर्षांत? साडेतेवीस कोटी वेळा! २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या, पाळण्यातल्या बाळासकट, नावावर दोन-दोन चमका येतात.

मुंबईच्या समोर खांदेरी बेटावरची बत्ती प्राँग्जपेक्षाही आठ वर्षांनी मोठी, १८६७ची. शिवाजी महाराजांनी १६७९ साली या खडकावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी दोघांशी दर्यावर झुंज झाली. कान्होजी आंग्र्यांचं नाव आता त्या बेटाला आहे आणि २०२५ पासून हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत आहे. एका खडकावर एवढं सगळं!

आता एकदम दुसऱ्या टोकाला चला. भारताचं सगळ्यात दक्षिणेकडचं टोक कन्याकुमारी नव्हे, ग्रेट निकोबारचा इंदिरा पॉइंट. तिथली बत्ती १९७२ सालची. तिथून इंडोनेशियाचं जवळचं बेट सुमारे दीडशे किलोमीटर. परत मुंबई-पुणे! आपण पुण्याला जातो तेवढं गेलो की परदेश. आणि ही बत्ती उभी आहे कुठं, तर मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, जिथून वर्षाला सुमारे ९० हजार जहाजांची ये-जा होते. दिवसाला अडीचशे. दर सहा मिनिटांना एक जहाज! आपण लोकल चुकली तर पुढची किती मिनिटांत आहे ते बघतो, तसलं हे वेळापत्रक झालं. फक्त गाड्यांच्या जागी जहाजं, आणि त्यांतली कित्येक तीन-तीनशे मीटर लांब.

२६ डिसेंबर २००४ रोजी तिथं त्सुनामी आली. भूकंपानं जमीनच ४.२५ मीटर खाली गेली. पुन्हा वाचा. लाट सव्वाचार मीटर चढली असं नव्हे, खुद्द जमीन सव्वाचार मीटर खाली बसली. दीड मजला! पायथा समुद्रात गेला आणि मनोरा उभाच राहिला. बत्तीवाल्यांनी ती पुन्हा पेटवली. सगळ्या आकड्यांमध्ये मला हा आकडा सगळ्यात थोर वाटतो, कारण त्यात माणसाचा चिवटपणा आहे.

कच्छच्या आखातात शिरू. वाडीनार, सिक्का, मुंद्रा इथं खनिज तेल घेऊन महाकाय टँकर येतात. एका टँकरात वीस लाख पिंपं. एका पिंपात १५९ लिटर, म्हणजे ३१ कोटी ८० लाख लिटर तेल. गावाकडची दणकट विहीर घ्या, २६ फूट रुंद, आणि तिच्यात पाणी असं काठोकाठ की ४० फूट खोल. त्या विहिरीत सहा लाख लिटर मावतं. मग असा एक टँकर रिकामा करायला किती विहिरी लागतील? पाचशेहून जास्त! पंचक्रोशीतल्या सगळ्या विहिरी आणल्या तरी पुरणार नाहीत. आणि रस्त्यावरचे वीस हजार लिटरचे टँकर लावले तर ते लागतील १५,९००. एक टँकर दहा मीटरचा धरला, तर रांग १५९ किलोमीटर. पुन्हा मुंबई-पुणे आणि वर नऊ किलोमीटर जास्तीचे! या आखातात किनाऱ्यावरच्या रडारांवरून जहाजांच्या वाहतुकीवर नजर ठेवणारी व्यवस्था उगीच नाही उभारलेली.

खुणा नीट नसल्या तर काय होतं, ते इंग्लिश खाडीनं १९७१ साली दाखवलं. ११ जानेवारीला 'टेक्साको कॅरिबियन' हा टँकर दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाला. दुसऱ्याच दिवशी 'ब्रँडेनबर्ग' हे जहाज त्याच्या सांगाड्यावर आदळून बुडालं. मग तिथं इशारे लावले, दीपपोत म्हणजे दिवा लावलेलं जहाज आणलं. तरी फेब्रुवारीत 'निकी' नावाचं तिसरं जहाज त्याच सांगाड्यांवर गेलं. एकूण ५१ माणसं गेली. एकाच जागी, दीड महिन्यात, तीन जहाजं! त्या वेळी जगात बोया, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, लावण्याच्या तीसहून जास्त पद्धती चालू होत्या. एका देशात लाल म्हणजे डावीकडं, दुसऱ्यात लाल म्हणजे उजवीकडं. मग जगातल्या देशांनी बसून एक पद्धत ठरवली. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. अमेरिका खंडात मात्र रंग अजून उलटे आहेत.

आता कुणी म्हणेल, मोबाइलवर सगळं दिसतं, जीपीएस आहे, बत्त्या कशाला? तर जीपीएसचाही आकडा ऐका. त्याचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंच आहेत. तिथून आलेला इशारा तुमच्या अँटेनापर्यंत पोचतो तेव्हा किती उरतो? एका वॅटचे एक कोटी अब्ज तुकडे केले तर त्यातला साधारण एक! एवढ्याशा कुजबुजीवर ४०० मीटरची जहाजं चालतात. शेजारच्या कुणी जरा मोठ्यानं बोललं तर ती कुजबुज बुडून जाते. बत्ती बुडवायला मात्र तिच्यापर्यंत जावं लागतं.

आणि बत्त्या जुन्या झाल्या असं समजू नका. २०१२ साली किनाऱ्यावरच्या ७४ दीपगृहांवर जहाजांची ओळख पकडणारी यंत्रं बसली. येणारं-जाणारं जहाज आपली ओळख, वेग, दिशा सतत हवेत पाठवतं, कधी दर दहा सेकंदांना, कधी दर दोन. या संदेशांसाठी हवेत मिनिटाला ४,५०० घरं आहेत. मुंबईत दिवसभरात तीन हजारांहून थोड्या जास्त लोकलफेऱ्या होतात. तेवढ्या संदेशांची आवक-जावक इथं पाऊण मिनिटात उरकते!

इतकं सगळं झालं. आता शेवटचा हिशेब. पेन्सिल घ्या.

दोनशे बत्त्या. प्रत्येकीत ४०० वॅटचा दिवा धरू. बारा तास जळला तर ४.८ युनिट. युनिटला दहा रुपये धरा. एका बत्तीचं एका रात्रीचं वीजबिल झालं ४८ रुपये. अठ्ठेचाळीस! पुण्यात एवढ्यात साधा मसाला डोसाही येत नाही. दोनशे बत्त्यांचे किती? ९,६०० रुपये. गुजरातपासून निकोबारपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर रात्रभर दिवे पेटते ठेवायला नुसत्या विजेचे ९,६०० रुपये. माणसं, होड्या, देखभाल यांचा खर्च वेगळा, तो अर्थातच कित्येक पटींनी मोठा. पण दिवा पेटलेला राहायची किंमत एवढीच.

आता दुसऱ्या पारड्यात काय ते पाहा. भारताचा परदेशांशी होणारा मालाचा व्यापार वजनानं ९५ टक्के आणि किमतीनं ७० टक्के समुद्रावरून चालतो. २०२४-२५ साली आयात-निर्यात मिळून १,१५० अब्ज डॉलरांहून जास्त मालाची उलाढाल झाली. त्याचे ७० टक्के घेतले आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर वर्षाला ६८ लाख कोटी रुपयांच्या वर माल लाटांवरून जातो. दिवसाला साडेअठरा हजार कोटींहून जास्त. बारा तासांच्या एका रात्रीत सुमारे ९,४०० कोटी!

९,६०० रुपयांचा उजेड. ९,४०० कोटींचा माल. भागाकार करा. बत्तीतल्या प्रत्येक रुपयाच्या उजेडात जवळजवळ एक कोटी रुपयांचा माल जातो. एका रुपयाला एक कोटी! आणि यात माणसांची किंमत धरलेलीच नाही. ती नाखव्याच्या होडीतल्या चौघांची असो की त्या ४०० मीटरच्या जहाजावरच्या खलाश्यांची, ती कुठल्याच भागाकारात बसत नाही.

या बत्त्या आता बघायला मिळतात, हे खूप जणांना माहीत नसतं. २०२४ साली देशातली ७५ दीपगृहं पर्यटकांसाठी सोयी करून लोकार्पण झाली. पुढच्या वेळी कोकणात, गोव्यात उतराल तेव्हा संध्याकाळी समुद्राकडं तोंड करून बसू नका फक्त. जवळची बत्ती शोधा. वर चढायला मिळालं तर भिंग बघा. नाही मिळालं तर काळोख पडल्यावर किनाऱ्यावर उभं राहा, हातातल्या घड्याळाकडं बघा आणि एका चमकीपासून दुसरीपर्यंतचे सेकंद मोजा. जवळपासच्या बत्त्यांना मुद्दाम वेगवेगळी चाल दिलेली असते, म्हणजे त्यांची एकमेकींशी गफलत होत नाही. नाखवा त्याच सेकंदांवरून ओळखतो की ही बत्ती कुठल्या गावची. मुलांना बरोबर न्या आणि मोजायचं काम त्यांच्याकडं द्या.